माळ्यावरची वही

वीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या कवितांच्या वहीवर मी शेरा मारला होता : ‘प्रतिभा जन्मतःच असावी लागते. आपण इंजिनिअर व्हावे.’ आणि तो खरोखरच इंजिनिअर झाला! परवा अलिबागच्या किनाऱ्यावर भेटला. ओहोटी होती. कुलाबा किल्ल्याकडे पायी जाता जाता म्हणाला, “सर, कंपनीने कल्पकतेच्या वर्गाला धाडले आहे. शिकवून येते का हो ती?”

हा प्रश्न नवा नाही. समाजवादी समाजरचनेचा संकल्प आपण सोडला होता, त्या काळात पवईला सोव्हिएत साहाय्याने १९५८ साली आय. आय. टी. उभी राहिली आणि १९६९ साली तिथेच इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघाले. विद्यार्थी कोण, तर पदवी घेतलेले इंजिनिअर आणि वास्तुशिल्पी! त्यांना घडवणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे. कलाशाळेतून जर्मनीतील उल्मला जाऊन शिकून आलेले. मुंबईकरांच्या ओळखीच्या आरे दूधकेंद्राचा आराखडा त्यांचाच.

पण गोम पुढेच आहे. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक दाराशी उभे असताना कारखानदाराला नव्या कल्पनेची निकड ती काय? कल्पना शिकून बाहेर पडलेल्याने ती विकायची कोणाला? १९९१ नंतर परवाने सैल झाले, तेव्हा कुठे वारे फिरले.

खुद्द सोव्हिएत देशात तर याहून विपरीत. गेनरिख आल्टशुलर यांनी १९४८ साली स्टालिनला पत्र लिहून देशातील शोधकार्याच्या दुरवस्थेवर बोट ठेवले. १९५० साली अटक झाली, व्होर्कुताच्या छावणीत रवानगी झाली. सुटल्यावर १९५६ साली त्यांनी शोध लावण्याच्या रीतीवर पहिला लेख छापला आणि पुढे बाकूला इंजिनिअरांना ती शिकवली. हजारो पेटंटे चाळून त्यांनी ताडले होते, की शोधाच्या मुळाशी बहुधा एक विसंगती असते : वस्तू बळकट हवी आणि हलकीही हवी. तडजोड न करता ती सोडवणे, हीच कल्पकता.

एवढे सांगून मी थांबलो. कारण मम्मट शक्तीबरोबर निपुणता आणि अभ्यासही मागतो, रुद्रट तर ‘उत्पाद्या’ म्हणजे कमावलेली प्रतिभाही मानतो, हे मीच दरवर्षी वर्गात शिकवीत आलो आहे!

“ती वही आहे का रे अजून?”

“माळ्यावर असेल, सर. दिवाळीच्या साफसफाईत निघेल.”

“घेऊन ये. शेरा खोडायचा आहे.”

तो हसला नाही. भरती सुरू झाली होती. आम्ही भराभर मागे वळलो.