इंजिन उतरवल्यावर

१९९९ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ट्रॅक्सस कंपनीने टी-मॅक्स नावाचा रेडिओवर चालणारा मॉन्स्टर ट्रक बाजारात आणला. वजन चार किलोंच्या आसपास, चारही चाकांना ताकद, आपोआप बदलणारे दोन गिअर, शिवाय रिव्हर्स. पोटात ०.१५ घनइंची, म्हणजे जेमतेम अडीच घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन. ते मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेई आणि मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर चाले. या ट्रकने त्या काळातल्या मुलांना आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या वडिलांना वेड लावले. आज त्यातले कितीतरी ट्रक माळ्यावर पडून आहेत. इंजिन जाम झालेले, टाकीच्या नळ्या कडक झालेल्या; सस्पेन्शन, डिफरन्शिअल, चाके मात्र अजून धडधाकट.

असा ट्रक भंगारात न काढता विजेवर आणता येतो, आणि थोडक्या पैशांत आणता येतो. अट एकच: इंजिनाच्या जागी मोटार बसवली की काम झाले, असे समजू नये. पैसा वाचतो तो मोटार स्वस्तात मिळवून नव्हे. मोटारीची ताकद गाडीच्या हाडांना पेलेल इतकीच ठेवून.

आधी इंजिन का उतरवायचे ते पाहू. छोट्या इंजिनांना आजचे रूप दिले ते ग्लो-प्लगने. रे आर्डेन या अमेरिकी संशोधकाने तो १९४७ साली बाजारात आणला. त्याआधी मॉडेल विमानांना ठिणगीसाठी बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर घेऊन उडावे लागे. आर्डेनच्या प्लगमधली प्लॅटिनमची तार एकदा तापवली की मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेने आणि आतल्या ज्वलनाच्या उष्णतेने स्वतःच लाल राहते. बाहेरची वीज काढून घेतली तरी इंजिन चालू राहते. नायट्रोमिथेनची करामत आणखी वेगळी. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो, आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन कोंबता येते आणि अंगठ्याएवढ्या सिलिंडरमधून एवढी ताकद निघते.

हे रसायन सुंदर आहे, पण सांभाळायला अवघड. सकाळी नीट लावलेली कार्ब्युरेटरची सुई दुपारच्या उन्हात चुकते. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. उघडा राहिलेला कॅन काही दिवसांत बिघडतो, आणि इंजिनात राहिलेले इंधन बेअरिंगांना गंज चढवते. युरोपीय संघाने स्फोटकांच्या कच्च्या मालाबद्दलच्या २०१९ च्या नियमावलीत नायट्रोमिथेनवरची मर्यादा आणखी कडक केली. १ फेब्रुवारी २०२१ पासून वजनाने १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेले मिश्रण तिथल्या सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि अशा छोट्या गाड्यांच्या इंधनात वीस-पंचवीस टक्के नायट्रो ही अगदी रोजची गोष्ट. मिथेनॉल किती घातक आहे, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. ज्या घरात मुले आहेत, तिथे त्याचा कॅन ठेवण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

विजेवर आणण्याची कल्पना नवी नाही. खुद्द ट्रॅक्ससनेच टी-मॅक्सपाठोपाठ ई-मॅक्स काढला. त्यात ५५० आकाराच्या दोन ब्रश मोटारी आणि ७.२ व्होल्टचे दोन बॅटरी पॅक होते. कंपनीनेच तो सांगाडा विजेवर चालवून दाखवल्यामुळे जुन्या टी-मॅक्सच्या मालकांना दोन गोष्टी मिळाल्या: हे जमते याची खात्री, आणि सुट्या भागांचा साठा. त्याहून बोलके उदाहरण टेक्नो आरसी या अमेरिकी कंपनीचे. सुरुवातीला ती इतर कंपन्यांच्या नायट्रो बग्ग्या आणि ट्रक ब्रशलेस मोटारीवर आणण्याचे संच बनवत असे: मोटारीचे माउंट, बॅटरीचे ट्रे, ब्रेकची सोय. दुसऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे उघडून पाहिल्यावर कुठले भाग आधी तुटतात हे तिला नेमके कळले, आणि २०१२ च्या सुमारास तिने स्वतःची विजेवरची गाडी आणली. आज तिच्या यादीत नायट्रो बग्गीही आहे आणि दोन्ही प्रकारांत बरेच भाग सामाईक आहेत. सांगाडा एक, हृदय दोन, हे त्या यादीवरून दिसते.

आता मुद्द्याचे गणित. नायट्रो गाडीचे गिअर मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेऱ्यांच्या इंजिनासाठी आखलेले असतात. ब्रशलेस मोटारीवर ‘केव्ही’चा एक आकडा लिहिलेला असतो. तो किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला भाराविना मोटार मिनिटाला किती फेरे घेते, ते तो सांगतो. तीन सेलच्या लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरीचा सरासरी दाब ११.१ व्होल्ट. त्यावर ३००० केव्हीची मोटार लावली तर ३३,३०० फेरे. चार सेलच्या १४.८ व्होल्टवर २२०० केव्हीची मोटार घेतली तर ३२,५६०. दोन्ही आकडे इंजिनाच्या जवळ आले, म्हणजे मूळ स्पर गिअर, अर्थात मोठे दातेरी चाक, तसेच ठेवून, इंजिनाच्या क्लच बेलला जितके दात होते साधारण तितक्याच दातांचे पिनियन, अर्थात छोटे दातेरी चाक, मोटारीवर बसवता येते. खर्चाच्या यादीतून एक मोठी ओळ इथेच गळते. ज्यांनी हे गणित न करता ‘मोठी असेल ती बरी’ म्हणून मोटार घेतली, त्यांना नंतर स्पर गिअर, माउंट, कधी कधी सगळा गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

फेरे जुळले तरी स्वभाव जुळत नाही. नायट्रो इंजिन ठराविक फेऱ्यांवर गेल्याशिवाय क्लचचे शू बेलला धरतच नाहीत. धरतानाही थोडे घसरतात. ताकद हळूहळू चढते. मोटार मात्र उभ्या जागेवरूनच सर्वाधिक पीळ देते, आणि मधे इंजिनाचा तो क्लच नाही. तीन सेलच्या बॅटरीतून ६० अँपिअर ओढले की ६६६ वॅट होतात, म्हणजे साधारण ०.९ अश्वशक्ती. त्यातला काही भाग उष्णतेत गेला तरी अडीच घनसेंटिमीटरच्या इंजिनाची उणीव भासत नाही. चार सेलवर १५० अँपिअर ओढले तर २,२२० वॅट, जवळजवळ तीन अश्वशक्ती. टी-मॅक्सचे ड्राइव्ह शाफ्ट आणि डिफरन्शिअल तेवढ्यासाठी घडवलेलेच नाहीत. म्हणून जुन्या ट्रकला ३६ मिलिमीटर व्यासाची, ६० मिलिमीटर लांबीची, बाजारात ‘३६६०’ म्हणून मिळणारी मोटार आणि तीन सेलची बॅटरी ही जोडी शहाणपणाची. ट्रकमध्ये स्लिपर क्लच असतोच. तो थोडा सैल ठेवावा, म्हणजे उडी मारून चाके जमिनीला टेकताच बसणारा झटका दातांऐवजी तो सोसेल.

गिअरबॉक्सच्या बाबतीत काढून टाकण्यातच फायदा आहे. दोन गिअर इंजिनाला हवेत, कारण त्याची ताकद एका अरुंद पट्ट्यात असते. मोटारीला एक पुरतो. दुसऱ्या गिअरचा केंद्रोत्सारी क्लच काढून गाडी एकाच गिअरवर पक्की करता येते. उलट चालण्यासाठीची यंत्रणा आणि तिचा सर्व्होही निघतो, कारण मोटार उलटी फिरवणे हे ईएससीचे, म्हणजे मोटारीचा वेग राखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे, काम. टी-मॅक्सनंतर आलेल्या रेव्हो ट्रकसाठी तर ट्रॅक्सस स्वतः फक्त पुढे जाणाऱ्या गिअरबॉक्सचा संच विकत असे. कमी भाग म्हणजे कमी घर्षण आणि कमी दुरुस्ती.

थ्रॉटलचा सर्व्होही गेला. त्याच्याबरोबर यांत्रिक डिस्क ब्रेक गेला, पण ब्रेक ईएससी लावते. रिसीव्हरची वेगळी बॅटरीही नको. ईएससीमधल्या बीईसी सर्किटमधून रिसीव्हर आणि स्टिअरिंगच्या सर्व्होला साधारण सहा व्होल्ट मिळतात. जुना सर्व्हो तेवढ्या दाबाला चालतो का, हे तेवढे आधी बघावे.

माउंट हा खरा कारागिरीचा भाग. हार्डवेअरच्या दुकानातला चार-पाच मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा एल-अँगल पुरतो. त्यात मोटारीची भोके गोल न पाडता लांबट पाडावीत, म्हणजे पिनियन स्परच्या जवळ-लांब सरकवता येते. ५४० आणि ३६६० वर्गाच्या मोटारींना समोरासमोरचे एम-३ स्क्रू सहसा २५ मिलिमीटर अंतरावर असतात. मेश, म्हणजे दातांची एकमेकांतली पकड, लावताना दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून घट्ट दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी काढायची. उरतो तेवढाच ढिलेपणा हवा. दातांचे माप मात्र चुकू देऊ नये. मॅक्स वर्गाच्या ट्रकांचे गिअर ३२ पिचचे, त्यांच्याबरोबर ०.८ मॉड्यूलचे पिनियन चालते, कारण ३२ पिच म्हणजे ०.७९४ मॉड्यूल. एक मॉड्यूलचे पिनियन दिसायला जवळपास तसेच, पण ते स्परला खाऊन टाकते. थ्री-डी प्रिंटरवर माउंट छापायचा मोह होतो. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मोटार सत्तर अंश सहज गाठते. छापायचेच असेल तर नायलॉन किंवा एबीएस घ्यावे; खरे तर धातूच बरा, कारण तो मोटारीची उष्णताही ओढून घेतो.

जुनी गाडी उघडली की आधी स्वच्छता. नायट्रोच्या धुराड्यातून तेल उडत राहते, त्यावर धूळ बसते आणि सांगाड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात काळा चिकट थर तयार होतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश यांनी तो निघतो. बेअरिंग बोटाने फिरवून पाहावीत. खरखर करणारे बदलावे. ही बेअरिंग नेहमीच्या मापांची असतात, बेअरिंगच्या दुकानात सुटी मिळतात आणि त्यांवर खर्चलेला पैसा मोटारीवरच्या पैशापेक्षा जास्त कामाला येतो.

काटकसरीच्या नावाखाली दोन मोह नेहमी आडवे येतात. पहिला ७७५ मोटारीचा. ड्रिल आणि फवारणी पंपांत सापडणारी ही ब्रश मोटार कुठेही मिळते, पण १२ व्होल्टच्या बऱ्याच ७७५ मोटारी मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांतच थांबतात. मूळ गिअरवर ट्रक निम्म्याहून कमी वेगाने धावेल. लहान मुलासाठी, अंगणात चालवण्यासाठी हा पर्याय वाईट नाही. मैदानावर उड्या मारायच्या असतील तर नको. तिचा व्यास ४२ मिलिमीटर आणि शाफ्ट ५ मिलिमीटरचा, हेही माउंट कापण्याआधी लक्षात घ्यावे. दुसरा मोह जुन्या लॅपटॉपमधल्या १८६५० सेलचा. ते काही अँपिअरच सुखाने देतात. ट्रक दाबला की झटक्यात साठ-सत्तर मागतो. सेल तापतात, दाब कोसळतो, पुढे काय होईल ते सांगवत नाही. जास्त विद्युतप्रवाह देणारे सेल वेगळे. उदाहरणार्थ, सॅमसंगचा २५आर सेल २,५०० मिलीअँपिअर-तासांचा आणि सतत २० अँपिअर देणारा. पण असे सहा सेल, वेल्डिंग आणि संरक्षण सर्किट यांचा हिशेब केला तर तयार लिपो पॅक फार महाग वाटत नाही.

तीन सेल, ५,००० मिलीअँपिअर-तासांचा लिपो पॅक म्हणजे ५५.५ वॅट-तास. सरासरी २० अँपिअर ओढले तर पंधरा मिनिटे. नायट्रोची एक टाकीही साधारण तेवढाच वेळ पुरायची. पॅकचे वजन इंजिनाच्या आसपास भरते आणि टाकीच्या जागी तो आडवा बसतो, त्यामुळे तोल फारसा ढळत नाही. लिपोची शिस्त मात्र पाळलीच पाहिजे: सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर चार्ज नको, तीनच्या खाली उतरणे नको, न वापरताना ३.८ च्या आसपास ठेवणे, आणि चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, डोळ्यांसमोर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर. ईएससीमध्ये लिपोचा कट-ऑफ चालू आहे ना, हे पहिल्या फेरीआधी तपासावे. बजेट ठरवताना बॅटरी आणि चार्जर यांना मोटार-ईएससीइतकाच वाटा द्यावा. इथे वाचवलेले पैसे आगीच्या भीतीने परत करावे लागतात.

भारतात इंजिन काढून मोटार बसवण्याची ही हौस खेळण्यांपुरती राहिलेली नाही. ठाण्याच्या गोगोएवन कंपनीचा हिरो स्प्लेंडर विजेवर आणण्याचा संच २०२१ मध्ये पस्तीस हजारांच्या आसपासच्या किमतीमुळे खूप चर्चेत आला. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने मोटारगाड्यांसाठी असे संच बनवले. मोठ्या वाहनातही तेच प्रश्न उभे राहतात: जुना गिअरबॉक्स ठेवायचा की नाही, बॅटरीचे वजन कुठे टाकायचे, उभ्या जागेवरचा पीळ शाफ्टला सोसेल का. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे सगळे चार किलोंच्या ट्रकवर, घरच्या टेबलावर शिकता येते, आणि त्यासाठी तुटलेला गिअर बदलायला काही शे रुपये लागतात, काही लाख नाही.

पहिली फेरी लहान ठेवावी. सर्वांत कमी दातांचे पिनियन, अर्धा थ्रॉटल, तीन-चार मिनिटे. मग मोटारीच्या अंगाला इन्फ्रारेड थर्मामीटर लावावा. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ऐंशी अंशांनंतर आपली शक्ती गमावू लागतात, म्हणून बाहेरून सत्तरच्या आत राहिलेली मोटार सुखी. तापमान खूपच खाली असेल तर पिनियनला एक दात वाढवून पुन्हा मोजावे. वर असेल तर दात वाढवायचा विचार सोडून आधी मेश आणि बेअरिंग पाहावीत. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच पंचेचाळीसवर असते, तेव्हा मोटारीवर छोटा पंखा हवाच.

उतरवलेले इंजिन फेकू नये. ते चालत असेल तर उतरवण्याआधीच चालवून आत उरलेले इंधन संपवावे, मग कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात तेलाचे चार थेंब सोडून क्रँक हाताने काही वेळा फिरवावा, भोके कापडाने बंद करून डब्यात ठेवावे. जाम झालेले इंजिनही हेअर ड्रायरच्या उष्णतेने बऱ्याचदा सुटते, कारण आत घट्ट झालेले असते ते इंधनाच्या तेलातले एरंडेल. पिस्टन आणि स्लीव्ह ठीक असतील तर त्याला गिऱ्हाईक मिळते, आणि इंजिन, ट्यून्ड पाइप, ग्लो इग्नायटर अशा काढलेल्या सामानाच्या विक्रीतून पहिल्या लिपो पॅकच्या खर्चाला हातभार लागतो.