निपाणीचा तंबाखू आणि भावाचा प्रश्न

वेदगंगा-दूधगंगेच्या परिसरातील निपाणी हे गाव विडीच्या तंबाखूची पेठ म्हणून सुप्रसिद्ध आहे. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याबरोबर ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तथापि या पेठेस माल पुरविणारा टापू सरहद्दीपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातही पसरलेला आहे. पेठेचा उत्कर्ष म्हणजे उत्पादकाचा उत्कर्ष, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. निपाणीचा अनुभव या गृहीतास पोषक नाही.

तंबाखू हे कष्टाचे पीक होय. पावसाळ्यात रोपे करावयाची, लावणीनंतर शेंडा खुडावयाचा, बगलेतील फूट वारंवार काढावयाची व अखेरीस पाला उन्हात वाळवावयाचा. एवढे सायास करून तयार झालेला माल राखून ठेवणे मात्र लहान शेतकऱ्यास शक्य नसे. 1943 साली कच्च्या तंबाखूवर केंद्रीय उत्पादन शुल्क बसले. ते भरावयाचे, अन्यथा परवानाधारक वखारवाल्यास माल द्यावयाचा, एवढाच पर्याय उरला. आणि शुल्क भरण्याइतके भांडवल उत्पादकापाशी नव्हते. त्यात हंगामापूर्वी घेतलेली उचल. ज्याच्याकडून पैसा घेतला त्याच्याच दारी माल न्यावयाचा, तर भाव विचारण्यात अर्थ तो कोणता? प्रत ठरविणारा, वजनात सूट कापणारा आणि हिशेब मांडणारा एकच. 1979 साली हे शुल्क उठले, पण त्याच्या आश्रयाने दृढ झालेली बाजाराची घडण मोडली नाही.

मार्च 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडले, ते या घडणीविरुद्ध. 6 एप्रिल रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 12 शेतकरी मृत्युमुखी पडले.

वस्तुतः तंबाखूच्या विक्रीस शिस्त लावणे अशक्य होते असे नव्हे. 1975 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या, गुंटूर येथील तंबाखू मंडळाने व्हर्जिनिया तंबाखूसाठी 1984 साली कर्नाटकात व पुढील वर्षी आंध्र प्रदेशात जाहीर लिलाव सुरू केले. व्हर्जिनिया परदेशी जातो, परकीय चलन मिळवितो. विडीचा तंबाखू देशातच, बहुधा गरिबाच्या ओठी, जळतो. शासनाच्या लेखी दोहोंचे मोल निराळे ठरले यात नवल नाही. लिलावाची ती व्यवस्था निपाणीच्या मालास लागू झाली नाही.

वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, दिवसभर त्याची धूळ छातीत घेणाऱ्या स्त्रियांचा विचार तर भावाच्या चर्चेत क्वचितच येतो. शेतकऱ्याचा भाव आणि त्यांची मजुरी ही एकाच वखारवाल्याच्या वहीत मांडली जात असे.