न दिसणाऱ्या रेणूंची ओढ कशी मोजतात?



आंब्याची बंद करंडी समोर आहे. ती न उघडता आतला आंबा केवढा हे सांगायचे आहे. व्यवहारी माणूस काय करील? करंडी केवढी हे पाहील, आत किती आंबे भरले ते विचारील आणि भागाकार करील. पदार्थवैज्ञानिक रेणूंच्या बाबतीत प्रथम हेच करतात.

उदाहरणासाठी आर्गॉन घेऊ. हा वायू आपल्या हवेत शेकडा एकाच्या आसपास आहे, आणि विजेच्या दिव्यांतही तो भरतात. त्याचा रेणू एकाच अणूचा, म्हणून हिशेब सोपा. दोन अणू दूर असले तर एकमेकांना किंचित ओढतात. फार जवळ आले की जोराने दूर ढकलतात. या वागणुकीचे वर्णन दोन आकड्यांत करतात : एक अणूचा आकार, दुसरा ओढीची खोली, म्हणजे जोडी फोडण्यास लागणारी ऊर्जा. ही ऊर्जा उष्णतामानाच्या अंशांत सांगण्याची रीत आहे.

आकार पाहू. उकळबिंदूजवळ द्रवरूप आर्गॉनच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे 1.4 ग्रॅम भरते. एका अणूचे वजन ठाऊक आहेच. भागाकार करून घनमूळ काढले की अणूमागे सुमारे 3.6 अँगस्ट्रॉम लांबीची जागा येते. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटींवा भाग. द्रवात थोडी मोकळीक असतेच. म्हणून अणू 3.4 च्या घरात धरतात.

आता ओढ. निरपेक्ष मापाने 151 अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी आर्गॉनचा द्रव होत नाही. तेथे अणूंची धावपळ ओढीवर मात करते. हे उष्णतामान ओढीच्या सुमारे 1.3 पट असते, म्हणजे ओढ 115 अंश. दुसरी साक्ष घेऊ. 410 अंशांच्या सुमारास ओढणे व ढकलणे यांची फिट्टंफाट होऊन वायू बॉइलचा नियम जवळजवळ तंतोतंत पाळतो. हे उष्णतामान ओढीच्या 3.4 पट, म्हणजे ओढ 120 अंश. दोन साक्षीदार बरेच जुळले!

तिसरी साक्ष वायूच्या चिकटपणाची. दाब वाढवला तरी चिकटपणा बदलत नाही, असे मॅक्सवेलने 1860 साली गणिताने दाखवले : रेणू दुप्पट झाले, तरी प्रत्येकाची धाव निम्मी होते. पुढे पत्नी कॅथरिनच्या साहाय्याने त्याने हे प्रयोगानेही पडताळले. मोठे रेणू अधिक वेळा धडकतात, म्हणून चिकटपणावरून आकार कळतो. उष्णतामानाबरोबर तो कसा बदलतो यावरून ओढ कळते. लेनर्ड-जोन्स यांनी 1924 साली याच वाटेने आर्गॉनचा हिशेब मांडला. आज त्यांच्या नावाचे सूत्र सर्वत्र रूढ आहे.

पण येथे एक सापळा आहे. एकाच मापावरून दोन अज्ञात आकडे निघत नाहीत. आकार थोडा कमी व ओढ थोडी अधिक धरली तरी एखादे माप जुळून जाते. म्हणून खरी परीक्षा, जे माप वापरलेच नाही ते सांगता येते काय, ही. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी 1964 साली अमेरिकेत 3.4 व 120 हेच आकडे घेऊन 864 अणूंची हालचाल गणकयंत्रावर मांडली. द्रव आर्गॉनची प्रयोगात दिसणारी रचना व अणूंचे सरकणे पुष्कळ अंशी जुळले.

मग 120 हे सत्य झाले काय? नाही. नंतरच्या सूक्ष्म प्रयोगांत एकट्या जोडीची ओढ सुमारे 143 अंश निघाली! सूत्राचा आकार ठरीव. त्याची उणीव आकड्याने भरून काढली. शिवाय द्रवात तिसरा शेजारी जवळ असला की जोडीची ओढ थोडी बदलते. दोघांचे नाते चारचौघांत निराळे दिसते, हा अनुभव आपणांस नवा नाही.

तेव्हा 120 हा आकडा खोटा नव्हे. तो त्या सूत्रापुरता आणि त्या मापांपुरता खरा आहे. आकडा हाती आला की तो कोणत्या साक्षीवर उभा आहे हे विचारावे. न दिसणाऱ्या गोष्टींचे ज्ञान एवढ्या सावधगिरीनेच पक्के होत जाते.