जखमी साप उपाशी राहतो तेव्हा...

विहिरीवर किंवा भाजीच्या वाफ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकणे, ही आता गावोगावची गोष्ट झाली आहे. उंदरामागे निघालेली धामण जाळीत डोके घालते. सुटण्यासाठी ती जितका जोर लावते तितका दोरा कातडीत रुतत जातो. सर्पमित्र येतो, कात्रीने एकेक दोरा कापतो, जखम स्वच्छ होते, औषध लागते. इथपर्यंत सारे ठीक चालते. दुसऱ्या दिवशी खोक्यात उंदीर ठेवला जातो. धामण त्याच्याकडे पाहतही नाही. आठवडा उलटतो आणि वाचवलेला जीव आता उपासमारीने जाणार, या धास्तीने कुणीतरी म्हणते, ‘तोंड उघडून भरवू या.’ अनेकदा खरा धोका इथून सुरू होतो.

आजाऱ्याच्या पोटात दोन घास गेले पाहिजेत, हा आपला अनुभव माणसांचा आहे. माणूस, कुत्रा, गाय हे प्राणी शरीर उबदार ठेवण्यासाठी सतत ऊर्जा जाळतात, म्हणून त्यांना रोज खावे लागते. सापाला ही उष्णता ऊन, जमीन आणि हवा यांच्याकडून मिळते. त्यामुळे त्याचा रोजचा खर्च फारच थोडा. अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठातील संशोधक मार्शल मॅक्यू यांनी तीन जातींच्या ६२ सापांना सुमारे सहा महिने अन्नाविना ठेवून त्यांचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही सापांनी आपला ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे दिसले. इतकेच नव्हे, तर उपाशीपोटीही त्यांची लांबी वाढली. हे साप धडधाकट होते, हे खरे. जखमी सापाला इतकी सवलत नसते. तरीही एका आठवड्याचा उपास हा चांगल्या अंगाच्या मोठ्या सापासाठी संकट नसतो.

मग तो खात का नाही? पहिले कारण भीती. रानातला साप खोक्यात आला की त्याच्या दृष्टीने तो शत्रूच्या तावडीत सापडलेला असतो. सतत झाकण उघडणे, हातात घेणे, फोटो काढणे, शेजाऱ्यांना दाखवणे यांमुळे हा ताण वाढत जातो आणि ताणाखाली भूक मरते. धामण तर मुळातच बुजरी. ती काचेवर तोंड आपटून नवी जखम करून घेते. दुसरे कारण थंडी. गारठलेल्या फरशीवरच्या सापाला अन्न पचवता येत नाही, म्हणून तो खातही नाही. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांत बहुतेक साप खात नाहीत. पोटात अंडी असलेली मादीही अनेकदा अन्न नाकारते. हिवाळ्यात तर अनेक सापांची भूक आपोआप मंदावते. शिवाय वेदना आहेतच.

आणखी एक साधे कारण पुष्कळदा लक्षात येत नाही. ताटात चुकीचे वाढलेले असते! सगळे साप उंदीर खात नाहीत. दिवड मासे आणि बेडूक खाते, नानेटी बेडकांवर जगते, कवड्या पाली शोधतो, मण्यार इतर सापांनाही गिळते. वाळ्यासारखा इवला साप मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. दिवडीसमोर चार दिवस उंदीर ठेवून ती ‘हट्ट करते’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून जखमी सापाच्या शुश्रूषेत अन्नाचा क्रमांक पहिला नाही. आधी ऊब, मग पाणी, मग आडोसा आणि शांतता, आणि शेवटी अन्न. खोक्याची एक बाजू सुमारे २८ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी त्याहून थंड ठेवली, की साप स्वतःच हवी ती जागा निवडतो. उष्णता बाहेरून द्यावी लागते. आत दिवा सोडला तर साप त्याला बिलगून भाजून घेतो. ही ऊब केवळ आरामासाठी नसते. जखम भरणे, जंतूंशी लढणे आणि औषध अंगी लागणे हे सारे शरीराच्या तापमानावर अवलंबून असते. सापाचे शरीर औषधही सावकाश वापरते. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सापांना साधारणपणे तीन दिवसांतून एकदाच दिले जाते. माणसाच्या औषधाचा अंदाज बांधून सापाला डोस देऊ नये, तो इथेच चुकतो.

पाण्याचे महत्त्व अन्नाहून मोठे. जाळीत दिवसभर उन्हात अडकलेला साप कोरडा पडलेला असतो. डोळे खोल गेलेले, कातडीला घड्या पडलेल्या. अशा सापाच्या पोटात भक्ष्य गेले तर ते पचवायला लागणारे पाणीच शरीरात नसते. उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवणे हा पहिला उपाय. कोरडेपणा जास्त असेल तर पशुवैद्यक सलाइन देतात. दूध मात्र कदापि नको. तहानेने व्याकुळ साप दूधही पितो, पण ते त्याचे अन्न नव्हे आणि त्याला ते पचत नाही.

अन्नाची घाई नको, यामागे आणखी एक कारण आहे. सापासाठी जेवण हे मोठे श्रमाचे काम असते. ब्रह्मदेशी अजगरावरील अभ्यासात, मोठे भक्ष्य गिळल्यानंतर त्याच्या शरीराचा ऊर्जावापर विश्रांतीच्या तुलनेत चाळीस पटींपर्यंत वाढलेला आढळला. आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे वजनही त्या काळात वाढते. आपल्याकडचे छोटे साप इतकी टोके गाठत नाहीत, पण तत्त्व तेच. जी शक्ती जखमेकडे जायची ती पोटाकडे वळते. शरीर गार असेल तर गिळलेला उंदीर आतच कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. त्यात उरलेसुरले पाणीही जाते.

जबरदस्तीने भरवण्याचे धोके याहून थेट आहेत. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्याच्या तळाशी, अगदी पुढच्या बाजूला असते. तिथे अन्नाचा कण किंवा द्रव गेला तर फुप्फुसाला संसर्ग होतो. चिमट्याने जबडा उघडताना दात तुटतात, हिरडी फाटते आणि तोंडात पू होतो. कण्याला मार असेल तर घास पुढे ढकलणेच त्याला जमत नाही. नळीने पातळ अन्न देणे हा शेवटचा उपाय आहे. तो अनुभवी पशुवैद्यकाने, अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करायचा असतो.

मग काळजी कधी करायची? याचे उत्तर दिवस मोजून मिळत नाही, ते वजनकाट्यावर मिळते. पहिल्या दिवशी वजन घ्यावे आणि आठवड्यातून एकदा पुन्हा. वजन दहाव्या हिश्शाने घटले, पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, तोंड उघडे ठेवून श्वास चालला, नाकातोंडातून बुडबुडे आले, हिरड्यांवर पिवळसर थर दिसला किंवा शेपटीकडचा भाग हलेनासा झाला, तर तो केवळ उपास राहत नाही. तो आजार असतो. जाळीच्या जखमेत दोऱ्याने रक्तपुरवठा तुटलेला भाग काही दिवसांनी काळा पडतो, त्याकडेही लक्ष हवे.

यांतले काही नसेल आणि जखम सुधारत असेल, तर त्या जातीचे नेहमीचे भक्ष्य, मेलेले आणि लहान आकाराचे, झाकलेल्या खोक्यात ठेवून निघून जावे. जिवंत उंदीर जखमी सापालाच कुरतडू शकतो. खाल्ले नाही तर काढून टाकावे आणि काही दिवस पुन्हा विचारू नये. खाल्ले तर निदान दोन दिवस त्याला हात लावू नये.

हे सारे घरी करण्याचे काम मात्र नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला साप परवानगीशिवाय बाळगता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे जखमी वन्यजीवांसाठी वनविभागाचे उपचार केंद्रही आहे. कायद्याइतकेच मोठे कारण जिवाचे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. जखमी साप घाबरलेला असतो आणि घोणसेला अजगर समजून उचलणारे आजही कमी नाहीत. दंश झालाच तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

आणि ती धामण? जखम भरली, एखादी कात नीट उतरली, अंगात जोर आला आणि वजन टिकून असेल, तर ‘अजून जेवली नाही’ म्हणून तिला अडवून ठेवण्यात अर्थ नसतो. जिथे सापडली त्याच परिसरात, पण जाळीपासून दूर, तिला सोडावे. खोक्यात महिनाभर उंदराकडे पाठ फिरवणारा साप बांधावरच्या बिळाशी पोहोचला की पुन्हा शिकारी होतो. माणसाने त्याच्यासाठी करण्यासारखे एक काम मात्र मागे उरते. ती जाळी काढून ठेवण्याचे.