अर्ध्या तासाचें हंसणें

गेल्या चातुर्मासांतील गोष्ट. देवापुढें दिवा लागून रामरक्षा संपते न संपते, तोंच आमच्या नातवानें आपला खिशांतला दूरध्वनि ओसरीवर आणून ठेविला आणि "आजोबा, तुमच्या नगरचा माणूस ऐका" असें म्हणून तो बाजूस बसला. आमच्या नोकरीचीं अखेरचीं अकरा वर्षें अहमदनगरास गेलीं (आतां त्यास अहिल्यानगर म्हणावयाचें), हें त्यास ठाऊक. परंतु त्या यंत्रांतून जें बाहेर पडलें त्यांत नगरचें म्हणून कांहींएक आढळेना. घोड्यांच्या टापा, भोंगे, स्फोट, एका म्हातारीचा कांपरा आवाज, आणि मधून मधून शेंकडों माणसांच्या हंसण्याचा लोंढा! आमचें कुटुंब जपमाळ घेऊन उंबऱ्याशीं बसलें होतें. थोडा वेळ ऐकून त्यांनीं विचारलें, "हे लोक हंसताहेत तरी कशाला? दिसत तर कांहींच नाहीं."

प्रश्न अगदीं नेमका होता आणि आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. जन्मभर मुलांना प्रश्न विचारलेल्या मास्तरास ही स्थिति फार बोंचते. म्हणून दोन महिने आम्ही या विषयाच्या मागें लागलों. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

तो नगरचा माणूस म्हणजे स्पाइक मिलिगन. बाप इंग्रजी तोफखान्यांतील शिपाई, रंगभूमीचा शोकी. त्याची नेमणूक हिंदुस्थानांत असतां १६ एप्रिल १९१८ रोजीं नगर येथें हा मुलगा जन्मला. बालपण पुण्याच्या लष्करांत गेलें. तेथील कॉन्व्हेंटांत तो शिकला, मग रंगून, आणि मग इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धांत तोही तोफखान्यांत गेला. आफ्रिका व इटली येथें लढला आणि १९४४ च्या जानेवारींत जखमी झाला. शरीराची जखम भरली. मनाची भरली नाहीं. युद्धानंतर हॅरी सीकूम हा वेल्समधील गाता गडी (हाही गोलंदाजच) आणि पीटर सेलर्स हा नकलाकार यांच्याशीं त्याचा मेळ जमला. प्रथम मायकेल बेन्टीन हा चौथाही होता, तो लौकरच बाहेर पडला. २८ मे १९५१ रोजीं बी. बी. सी. च्या होम सर्व्हिसवर त्यांचा पहिला कार्यक्रम 'क्रेझी पीपल' या नांवानें झाला. पुढच्या वर्षीं त्याचेंच 'द गून शो' झालें आणि १९६० च्या जानेवारीपर्यंत दहा मालिकांत मिळून दोनशेंहून अधिक भाग ध्वनिक्षेपित झाले.

आतां कुटुंबाच्या प्रश्नाकडे वळूं. भरतमुनींनीं हास्यरसाचीं कारणें सांगतांना विकृत वेष आणि विकृत अलंकार यांस अग्रस्थान दिलें आहे. विदूषक रंगभूमीवर आला कीं तोंड उघडण्यापूर्वींच अर्धें काम होतें. नभोवाणीवर हें सर्व भांडवल बुडालेलें. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकीं एकटा वाचिक काय तो उरतो. बहुतेक नभोवाणी-नाटकें ही उणीव रडत-कुढत सोसतात. मिलिगननें मात्र तिच्यांतच आपलें घबाड शोधलें. संस्कृत रूपकांत भाण म्हणून एक प्रकार आहे. त्यांत एकच नट, समोर कोणी नसतांना, कोणी बोलल्याचें ऐकल्यासारखें करून उत्तर देतो. त्यास आकाशभाषित म्हणतात. प्रेक्षकास जें दिसत नाहीं तें त्यानें स्वतः उभें करावयाचें! 'द गून शो' हा अथपासून इतिपर्यंत आकाशभाषिताचाच खेळ आहे.

११ ऑक्टोबर १९५५ च्या मंगळवारीं लागलेला 'नेपोलियन्स पियानो' हा भाग घ्या. त्या संध्याकाळीं आम्हीं ऐकला तो हाच. नेडी सीगून नांवाच्या भोळ्या गृहस्थास वर्तमानपत्रांत जाहिरात दिसते कीं, पियानो एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेणारास पांच पौंड मिळतील. तो हर्षानें करारावर सही करतो. नंतर कळतें कीं, पहिली खोली पॅरिसमधील लूव्ह्र संग्रहालयांत आहे आणि दुसरी इंग्लंडांत. आणि पियानो खुद्द नेपोलियनचा. शेवटीं ती मंडळी पियानोच समुद्रांत लोटून त्यावर बसून खाडी ओलांडूं लागतात. हें चित्रपटांत दाखवावयाचें तर पाण्यावर लांकडाची पेटी दिसेल आणि गंमत तेथेंच बुडेल. नभोवाणीवर लाटांचा आवाज आणि पियानोचे सूर एकत्र आले कीं पुरें. पियानो तरंगूं लागतो. १९५६ च्या आरंभीं 'द माइटी वुर्लिट्झर' या भागांत तर त्यानें चित्रपटगृहांतील अवाढव्य ऑर्गन वाळवंटांतून मोटारीसारखा पिटाळला आहे.

हें सगळें घडे तें रविवारीं. पुष्कळसे भाग लंडनच्या कॅम्डेन भागांतील एका जुन्या नाटकगृहांत मुद्रित झाले. तें १९०० च्या डिसेंबरांत एलन टेरी या नामांकित नटीच्या हस्तें उघडलें होतें, पुढें बी. बी. सी. नें तें घेतलें. मंडळी जमून संहिता वाचीत, तालीम करीत; मग प्रेक्षक आंत सोडीत. मुद्रणापूर्वीं मिलिगन तुतारी वाजवी, सेलर्स ढोल बडवी, सीकूम गाई, आणि आवाज तापण्याआधीं प्रेक्षक तापत. नंतर वॉलेस ग्रीनस्लेड हा निवेदक, बातमी सांगण्याच्या गंभीर स्वरांत, ही बी. बी. सी. होय असें जाहीर करी. आमच्या मतें अर्ध्या गमतीचें मूळ या गांभीर्यांत आहे; सोवळ्यांतला भटजी पंक्तींत घसरावा तसें पुढचें सर्व वाटतें.

तिघेच नट, पण पात्रें डझनावारी. सीकूम फक्त सीगून. बाकी सर्व आवाज बहुतेक सेलर्स आणि मिलिगन यांचे. कित्येकदां एकाच प्रसंगांत सेलर्स स्वतःशींच तंटा करी आणि ऐकणारास दोन माणसें दिसत. मध्यें दोन वेळां विसावा असे. एकदां मॅक्स गेल्ड्रे हा डच वादक तोंडानें वाजवावयाची पेटी वाजवी, एकदां रे एलिंग्टनचा चौकडीचा ताफा गाई. एका बाजूस आवाज करणारे कारागीर. कडीकोयंड्यासह उभा केलेला दरवाजा, खडीचे तबक, नारळाच्या करवंट्या, आणि आवाजाच्या तबकड्या फिरविणारीं यंत्रें. मिलिगनला मनांतला आवाज तंतोतंत हवा असे आणि त्यापायीं तो वरिष्ठांशीं कडाकडा भांडे. एक गोष्ट अशी सांगतात कीं, त्याला कस्टर्डनें भरलेला पायमोजा आपटल्याचा आवाज हवा होता. उपाहारगृहांतील बाईंनीं, बिचाऱ्याचें पोट बिघडलें असेल असें समजून, मायेनें कस्टर्ड करून दिलें. यानें तें तिच्यादेखत पायमोज्यांत ओतून आपटलें, आणि आवाज मनासारखा आला नाहीं! हें आमच्या सूनबाईंस सांगतांच त्यांनीं, "अन्नाची नासाडी" असा एका वाक्यांत निकाल दिला.

रविवारचें मुद्रण कापून-सांधून अर्ध्या तासांत बसवीत आणि एकदोन दिवसांत तें लागे. तें लागण्यापूर्वींच पुढच्या रविवारची संहिता सुरू झालेली असे. वाचकहो, खरी गोष्ट येथें आहे. आम्हीं शाळेच्या स्नेहसंमेलनाकरितां एकदां वीस मिनिटांचा प्रहसनवजा प्रवेश लिहिला. त्यास महिना लागला, झोंप गेली, आणि प्रयोगांत लोक तीनदां हंसले. त्यांतही एकदां पडदा सुटून हेडमास्तरांच्या अंगावर पडला म्हणून. आणि या माणसास दर आठवड्यास अर्धा तास, सहा-सहा महिने! लॅरी स्टीफन्स, एरिक साइक्स यांनीं पुष्कळ हात दिला. साइक्सबरोबर शेपर्ड्स बुश येथें एका भाजीवाल्याच्या दुकानावरील माडींत बसून तो लिही. तरी जूं मुख्यतः त्याच्याच मानेवर. १९५२ च्या अखेरीस मन तुटलें. शेजारीं राहणाऱ्या सेलर्सच्या जिवावर तो बटाटे सोलण्याची सुरी घेऊन गेला होता, असें त्यानेंच पुढें सांगितलें. त्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें. कित्येक आठवडे कार्यक्रम त्याच्यावांचून चालला. बरा होऊन तो परत लिहूं लागला, तो आणखी सात वर्षें. उतारवयापर्यंत औदासीन्याच्या त्या आजारानें त्यास सोडलें नाहीं आणि त्यानेंही तो कधीं लपविला नाहीं. आपल्याकडे घरोघर अशीं माणसें असतात. त्यांना आपण 'लहरी' म्हणून मोकळे होतों.

नगर-पुण्याचें काय, हा प्रश्न राहिलाच. या कार्यक्रमांत मेजर ब्लडनॉक म्हणून एक पात्र आहे. हिंदुस्थानांत नोकरी केलेला, पदकांचा लोभी, लढाईच्या नांवानें पळणारा, आणि इकडच्या मसाल्यांनीं पोट कायमचें बिघडलेला. पुढें १९५८ सालीं बी. बी. सी. नें आवाजांची खास कार्यशाळा काढली, तिच्याकडून या मेजरच्या पोटाचा गडगडाट मुद्दाम करवून घेतला होता. आवाज सेलर्सचा, तोही युद्धकाळीं वायुदलाच्या करमणूक-पथकाबरोबर हिंदुस्थानांत येऊन अधिकाऱ्यांच्या नकला करून गेलेला. परंतु ब्लडनॉकचें काळीज मिलिगनचें आहे. लष्करांत वाढलेल्या शिपायाच्या पोरानें साहेबांकडे गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलें होतें. याच कार्यक्रमांत बॅनर्जी आणि लालकाका असे दोन हिंदी गृहस्थही येतात आणि त्यांचें इंग्रजी ऐकून आमचा नातू संतापला. त्याचा संताप अगदींच चुकीचा नाहीं. तीं पात्रें बाहेरून पाहिलेलीं आहेत, ब्लडनॉक आंतून. चांगल्या आणि उथळ नकलेंतील अंतर याहून स्पष्ट दाखविणें कठीण.

नकलेच्या या गोष्टीनें आम्हांस एक जुनें दुखणें आठवलें. आमच्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. आम्ही रूपें म्हणतांना मध्येंच नाक ओढतों, ती लकब त्यानें अशी उचलली होती कीं, दाराबाहेर उभे असतां क्षणभर आम्हांस वाटलें, आम्ही आंतच आहोंत. वर्ग लोटपोट झाला होता. आम्हीं आंत जाऊन त्यास चार छड्या मारल्या. त्यानें वर्षभर वर्गांत तोंड उघडलें नाहीं, आणि वर्ग शांत राहिला म्हणून आम्ही खूष होतों. त्याचा कान किती शुद्ध होता, हें आम्हांस त्या दिवशींही कळलें होतें. तो आतां कोठें असतो, ठाऊक नाहीं.

मुद्रण करून ठेवण्याची तेव्हांची रीत ढिली असल्यानें पहिल्या मालिकांतील जवळजवळ कांहींच उरलें नाहीं. पांचव्या मालिकेपासूनचें बहुतेक वांचलें, तें परदेशीं केंद्रांस पाठविण्याकरितां तबकड्या केल्या म्हणून. त्या करतांना कांहीं विनोद गाळले गेले, एवढीच काय ती खोट. बी. बी. सी. ला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, ३० एप्रिल १९७२ च्या रविवारीं, त्याच कॅम्डेनच्या नाटकगृहांत तिघे पुन्हां एकत्र आले. ग्रीनस्लेड १९६१ सालींच वारला होता. म्हणून त्याच्या आधींचा निवेदक अँड्र्यू टिमथी आला. प्रेक्षकांत राणीचे पति फिलिप आणि कन्या अ‍ॅन. हा भाग ५ ऑक्टोबरला लागला.

सेलर्स १९८० सालीं गेला, सीकूम २००१ च्या एप्रिलांत, मिलिगन २००२ च्या फेब्रुवारींत. सीकूम वारला तेव्हां मिलिगन म्हणाला होता कीं, बरें झालें, आतां माझ्या अंत्यविधीस तरी हा गाणार नाहीं. मिलिगनच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली तेव्हां मित्रांनीं सीकूमच्या गाण्याचें मुद्रण लाविलें.

हें आम्हीं कुटुंबास सांगितलें, तेव्हां माळ थांबली आणि त्या हंसल्या.