वाचल्याचा गुन्हा

अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ वाचल्यापासून त्या फटकळ न्यूयॉर्कर मानसशास्त्रज्ञानं माझा पिच्छा सोडलेला नाही. दुःख घटनेतून येत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतींतून येतं, हा त्याचा 1955 पासूनचा धोशा मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. मला खुपायचं ते वेगळंच. परीक्षेत नापास झालेल्या पोराला हे ऐकवणं सोपं आहे. चेहरा, गळा, हात भाजलेल्या माणसाला ते कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि त्याच्या समजुती अविवेकी आहेत, हे ठरवायचं कुठल्या मापानं?

शोधत गेले ती बॉस्टनला पोहोचले. 28 नोव्हेंबर 1942, कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबची आग. परवानगी 460 माणसांची, आत हजारच्या आसपास. फिरता दरवाजा रेटारेटीत अडकला, बाजूच्या दारांना कुलपं. 492 माणसं गेली. या आगीनं शल्यविशारदांना काय शिकवलं, टॅनिक ॲसिड जाऊन व्हॅसलिनच्या पट्ट्या कशा आल्या, प्लाझ्मानं काय साधलं, हे वैद्यकाच्या इतिहासात ठिकठिकाणी सापडतं. मी अडकले ती एका रुग्णापाशी.

एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञानं 1944 साली तीव्र शोकावर एक निबंध लिहिला. 101 माणसांच्या अभ्यासावर उभा असलेला हा निबंध आजही वाचला जातो. त्यात बत्तीस वर्षांचा एक तरुण येतो. भाजला होता किरकोळ. बायको गेल्याचं पाचव्या दिवशी कळलं, तेव्हा इतका सावरलेला दिसला की सर्जनला त्याचं कौतुक वाटलं. तो घरी गेला. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी घरच्यांनी त्याला परत आणलं. आगीत तो बायकोला ओढून बाहेर काढत होता, मध्येच शुद्ध हरपली आणि गर्दीच्या लोंढ्यानं त्याला बाहेर ढकललं. ती जळाली, हा वाचला. आपण तिला वाचवायलाच हवं होतं, नाहीतर तिच्याबरोबर मरायला हवं होतं, हाच त्याचा घोष. सहाव्या दिवशी नर्सची नजर चुकवून त्यानं जीव दिला.

त्वचेचं जवळजवळ काहीच बिघडलं नव्हतं. भाजल्याचे टक्के मोजून या माणसाचा धोका कुणालाच कळला नसता.

त्याच आगीतल्या दुसऱ्या रुग्णांना बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये तपासत होती अलेक्झांड्रा ॲडलर. होय, मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरचीच मुलगी. जन्म व्हिएन्नाचा, 1935 पासून बॉस्टनमध्ये. वडील 1937 साली ॲबर्डीनमध्ये गेले, तेव्हा थोरली बहीण व्हॅलेंटाइन स्टालिनच्या तुरुंगात होती. मागे उरणं म्हणजे काय, हे अलेक्झांड्राला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं पाहिलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास माणसांना झोप न लागणं, भीती, अपराधीपण यांनी ग्रासलं होतं, आणि कित्येकांचा त्रास महिनोन्‌महिने हटला नाही. बराच वेळ बेशुद्ध राहिलेले तुलनेनं कमी पछाडले गेले, ही तिची नोंद मला फार बोलकी वाटते. घरी गेलेल्यांना तिनं पुन्हा गाठलं, हे तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

एलिसनं आपल्या पूर्वसुरींत आल्फ्रेड ॲडलरचं नाव आवर्जून घेतलं. लेकीचे हे रुग्ण मात्र त्या चर्चेत क्वचितच दिसतात.

आता मापांचं भांडण. 1968 साली जोन्सनं अविवेकी समजुतींची शंभर विधानांची चाचणी केली. तिचे गुण आणि चिंता, नैराश्य यांचे गुण हातात हात घालून चढत, म्हणून एलिसपंथी खूश. 1980 च्या दशकात टिमथी स्मिथसारख्या टीकाकारांनी टाचणी लावली: तुमच्या बऱ्याच विधानांत समजूत नाही, भावनाच विचारलेली आहे. एकाच पातेल्यात दोन थर्मामीटर बुडवायचे आणि आकडे जुळले म्हणून टाळ्या पिटायच्या! मग 1986 मध्ये मॅलूफ आणि शुट यांनी भावनेचे शब्द गाळून वीस विधानांची आटोपशीर श्रेणी केली.

भाजलेल्यांच्या वॉर्डात ही शुद्ध मापंही चळतात. त्रास मला सहनच होत नाही, या अर्थाचं विधान घ्या. रोज सलाइननं भिजवून पट्टी सोडवताना जिची साल निघते, तिनं ‘अगदी खरं’वर खूण केली, तर ती समजूत की हकिकत? मानसिक त्रास मोजायची 1983 ची चौदा प्रश्नांची प्रसिद्ध ‘हॅड्स’ श्रेणी मुद्दाम शारीरिक लक्षणं टाळून बेतली होती. तरी तीत दिसण्यातला रस गेला का, आपण मंदावलोय असं वाटतं का, हे प्रश्न आहेतच. मान छातीला ओढली गेलेल्या बाईला हे विचारून मिळालेल्या गुणांना नैराश्य म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

एलिसची बाजूही सांगायला हवी. लोक टक लावून बघतील, हे त्याच्या लेखी अविवेकी नव्हेच. ते खरंच बघतात. त्यांनी बघताच कामा नये, बघितलं तर मी संपले, मी कवडीमोलाची, इथून त्याचं काम सुरू होतं. ही रेघ ओढता येते. पण त्यासाठी बाईशी बोलावं लागतं. नुसता कागद पुढे सरकवून ती ओढता येत नाही.

आपल्याकडे बोलण्यातच खरी मेख आहे. 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2001 या एका वर्षात भारतात आगीमुळे 1,63,000 हून अधिक मृत्यू झाले. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यांत सुमारे 1,06,000 स्त्रिया, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. वॉर्डात आल्यावर अशा बाईला पहिले प्रश्न मानसशास्त्रज्ञ विचारत नाही. तिची जबानी घेतली जाते. ती बोलण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टर लिहून देतात, दंडाधिकारी उत्तरं उतरवून घेतात, आणि पुष्कळदा कागदावर येतं: स्टोव्हचा भडका उडाला. खाटेशी सासू उभी, मुलं सासरीच. मग महिन्याभरानं कुणी पाटीला कागद लावून विचारतं, ‘तुम्ही स्वतःला दोष देता का?’ तिच्या दृष्टीनं हीसुद्धा जबानीच.

म्हणून इथे मोजायचंच असेल, तर आधी नातेवाइकांना बाहेर पाठवावं, कागद कुठे जाणार ते तिला सांगावं, आणि अलेक्झांड्रासारखं घरी गेल्यावर पुन्हा विचारावं. पहिल्या खेपेचे गुण मी तरी पेन्सिलीनं लिहीन.