बंद झालेली गर्भनलिका पुन्हा जोडता येते

गेल्या उन्हाळ्यात नांगरटीची पाहणी करीत फिरत असता एका शेतकरी बंधूने मला बांधावरच्या लिंबाखाली बसवून घेतले. दोन लेकरांनंतर त्याच्या कारभारणीने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुढे थोरला मुलगा विहिरीत बुडून गेला.

"साहेब, आई म्हणते दुसरं लगीन कर. हिला आता मूल व्हायचं नाही. खरं आहे का?"

मी बियाण्याचा जाणकार, वैद्यकीचा नव्हे. म्हणून दोघांना तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. तेथे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची एकेक गर्भनलिका असते. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचे मीलन तिच्यातच होते. शस्त्रक्रियेत ही नळी बांधून कापतात किंवा तिच्यावर कडी बसवतात. अंडाशय व गर्भाशय शाबूत राहतात, म्हणून पाळी चालूच राहते. फुटलेल्या पाइपलाइनचा खराब तुकडा काढून आपण चांगली टोके जुळवतो. डॉक्टरही तेच करतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने.

बाईचे वय पस्तिशीच्या आत असावे व उरलेली नळी पुरेशी लांब असावी, म्हणजे यशाची आशा अधिक. त्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी हवीच. हे ऐकून आमचे बंधू कचरले, पण शेवटी तयार झाले.

क्षयाने किंवा जंतुदोषाने नळी फार खराब झाली असेल, तर जोडून सहसा उपयोग होत नाही. अशा वेळी नळी वगळून शरीराबाहेर गर्भधारणा करण्याचा मार्ग आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले. हा मार्ग खर्चाचा आहे. म्हणून प्रथम सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

एक इशारा ध्यानात ठेवा. नळी जोडल्यानंतर गर्भ नळीतच अडकण्याचा धोका असतो. पाळी चुकून ओटीपोटात कळा आल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करीत न बसता तात्काळ रुग्णालय गाठावे.

त्या माउलीची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. अद्याप दिवस गेलेले नाहीत. पण दुसऱ्या लग्नाची भाषा त्या घरातून गेली, आणि सासूबाई स्वतः सुनेबरोबर तपासणीला जातात.